नरक्या : घाटमाथ्यावरील एक दुर्लक्षित झुडूप आणि त्याचे मोल

चैत्र-वैशाखात बेळगावच्या शहापूर भागातील बाजारात खानापूर, जांबोटी, कणकुंबी या बाजूंचा रानमेवा येऊ लागतो. पानांच्या द्रोणांतून विकली जाणारी करवंदे, त्यामागोमाग येणारी जांभळे आणि फणस यांच्यामुळे पश्चिमेकडील डोंगरांची आठवण शहरवासीयांना वर्षातून एकदा तरी होते. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतील विणकरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दैनंदिन व्यवहारात अरण्याला फारसे स्थान उरलेले नसले, तरी त्यांच्या घरी येणारे राकसकोपचे पाणी याच डोंगरउतारांवर पडलेल्या पावसाचे असते. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाऊ लागले म्हणजे काही मैलांच्या अंतरातच पावसाचे मान झपाट्याने वाढत जाते, शेते मागे पडतात आणि सदाहरित व निमसदाहरित वनांचा प्रदेश सुरू होतो. कणकुंबी येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत जाते, तर खानापूरच्या अरण्यातून निघणारी म्हादई पश्चिमेकडे गोव्यात उतरते. दोन दिशांना पाणी देणाऱ्या या वनांतील झुडुपांमध्ये एक असे झुडूप आहे, की ज्याची फळे कोणीही बाजारात आणीत नाही, ज्याच्या फुलांचा वास कोणालाही आवडत नाही आणि तरीही ज्याचे लाकूड गेल्या काही दशकांत चोरट्या मार्गाने दूरदूरच्या देशांपर्यंत पोहोचले आहे. या झुडुपाचे नाव नरक्या.

नरक्याचा परिचय वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना आणि वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना आहे. सर्वसामान्य नागरिकांना मात्र तो जवळजवळ नाही. ज्या वस्तूची ओळख नसते तिचे रक्षणही होत नाही. या दृष्टीने या झुडुपाचे स्वरूप, त्यातील औषधी द्रव्याच्या शोधाचा इतिहास आणि त्याच्या संरक्षणासंबंधीचे प्रश्न यांची माहिती या लेखात संकलित केली आहे.

नाव आणि वर्गीकरण

नरक्या हे मराठी नाव त्याच्या फुलांच्या दुर्गंधीवरून पडले आहे. काही भागांत याच कारणामुळे त्याला घाणेरा असेही म्हणतात. मात्र परदेशातून येऊन सर्वत्र पसरलेल्या रंगीबेरंगी फुलांच्या घाणेरीशी त्याचा काहीही संबंध नाही. नावातील साम्यामुळे घोटाळा होऊ नये म्हणून नरक्या हेच नाव वापरणे इष्ट होय. काही ठिकाणी यालाच अमृता असे उलट अर्थाचे नावही दिलेले आढळते. एकाच वनस्पतीला नरकाची आणि अमृताची अशी दोन्ही नावे मिळावीत, ही गोष्ट पुढील माहितीच्या संदर्भात मोठी सूचक वाटते.

शास्त्रीय परिभाषेत या वनस्पतीला नॉथापोडिटिस निम्मोनियाना असे म्हणतात. जुन्या ग्रंथांत आणि संशोधनपर लेखांत ती मॅपिया फेटिडा या नावाने आढळते. त्यातील फेटिडा या लॅटिन शब्दाचा अर्थ दुर्गंधीयुक्त असाच आहे. हिचे कुल आयकॅसिनेसी. निम्मोनियाना या नावामागे मुंबई इलाख्यातील वनस्पतिशास्त्राच्या प्रारंभकाळाची एक हकीकत आहे. जॉन ग्रॅहॅम हे मुंबईच्या टपाल खात्यातील एक अधिकारी होते. फावल्या वेळात त्यांनी मुंबई आणि परिसरातील वनस्पतींची सूची तयार करण्याचे काम हाती घेतले. १८३९ साली खंडाळा येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा हे काम अपुरे होते. त्यांचे सहकारी जोसेफ निम्मो यांनी ते पूर्णत्वास नेले. त्याच सूचीत या वनस्पतीची नोंद निम्मो यांच्या नावाने झाली होती. त्या काळी ती वेगळ्या प्रजातीत गणली गेली होती. पुढे वर्गीकरण बदलले, तरी निम्मो यांचे नाव कायम राहिले.

झाडाची ओळख

नरक्या हे मोठे झुडूप किंवा लहान वृक्ष या स्वरूपात वाढते. सामान्यतः त्याची उंची ३ ते ८ मीटर असते. उंच वृक्षांच्या सावलीत, ओलसर जमिनीत, ओढ्यांच्या काठांनी आणि वनांच्या कडेला ते आढळते. साल करड्या रंगाची असते. कोवळ्या फांद्यांवर गळून गेलेल्या पानांचे वण ठळकपणे उठून दिसतात. पाने एकाआड एक असून फांद्यांच्या टोकांकडे दाटीने येतात. ती रुंद, अंडाकृती, टोकाशी निमुळती आणि लांब देठाची असतात. पानाच्या तळाच्या दोन बाजू पुष्कळदा सारख्या नसतात. ही खूण नवशिक्या अभ्यासकाच्या सहज ध्यानात येण्याजोगी आहे.

पावसाळ्यात फांद्यांच्या टोकांना लहान, पिवळसर पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात. फुलाला पाच पाकळ्या असतात, त्यांची आतली बाजू लवदार असते आणि त्या उमलल्यावर मागे वळतात. या काळात झाडापाशी गेले असता नावाची सार्थता लगेच पटते. माणसाला किळसवाणा वाटणारा असा वास माश्यांसारख्या कीटकांना मात्र आकर्षून घेतो आणि परागीकरणाचे काम साधते. अरण्यातील प्रत्येक फुलाने माणसाला प्रसन्न करावे, असा निसर्गाचा नियम नाही.

या वनस्पतीचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. हिची काही झाडे केवळ नर-फुले धारण करतात, काही केवळ मादी-फुले, तर काहींवर द्विलिंगी फुले येतात. त्यामुळे एखाद्या डोंगरउतारावर पुष्कळ झाडे दिसली तरी त्यांपैकी सर्वच फळणारी असतील असे नाही. ज्या ठिकाणी फळणारी मोठी झाडे तोडली जातात, तेथे हिरवळ शिल्लक दिसली तरी बी धरणारे झाड उरत नाही, आणि नव्या रोपांची परंपरा खंडित होते. या गोष्टीचा विचार संरक्षणाच्या संदर्भात पुढे पुन्हा करावा लागेल.

फळांचा प्रकार

पावसाळा सरल्यावर नरक्याला फळे धरतात. ती लंबगोल, दीड ते दोन सेंटिमीटर लांबीची असून प्रथम हिरवी, नंतर लालसर आणि पूर्ण पिकल्यावर गर्द जांभळी होतात. प्रथमदर्शनी ती लहान जांभळासारखी दिसतात. बोलीभाषेत अशा सर्व रसाळ रानफळांना आपण एकाच माळेत गुंफतो. तथापि वनस्पतिशास्त्रात त्यांचे दोन प्रकार मानतात. करवंदाच्या गरात अनेक बिया विखुरलेल्या असतात आणि बियांभोवती कठीण कवच नसते. अशा फळाला मृदुफळ म्हणतात. नरक्याच्या फळात मात्र गराच्या आत एकच कठीण आठळी असते आणि तिच्या पोटात बी असते. आंब्याच्या आणि बोराच्या फळाचीही रचना अशीच आहे. अशा फळाला अश्मगर्भी फळ म्हणतात. गडद रंगाचा गर पक्ष्यांना आकर्षून घेतो आणि आठळी दूर नेऊन टाकली जाते. अरण्यातील पेरणीची ही पद्धत फुकटची असली, तरी पक्षी आणि फळणारी झाडे ही दोन्ही टिकून असतील तोपर्यंतच ती चालते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. नरक्याची फळे खाण्यायोग्य मानू नयेत. झाडाच्या लाकडात आणि मुळांत असलेले तीव्र द्रव्य बियांतही असते. करवंदे, जांभळे आणि तोरणे वेचण्यासाठी रानात जाणाऱ्या मुलांना या फळाची ओळख आवर्जून करून द्यावी आणि ते तोंडात न घालण्याविषयी बजावावे.

रसायनाच्या शोधाची कथा

नरक्याला आज जे महत्त्व प्राप्त झाले आहे, त्याचा आरंभ सह्याद्रीत झाला नाही. तो चीनमधील एका वृक्षापासून झाला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या कृषी खात्यातील रसायनशास्त्रज्ञ मन्‍रो वॉल हे स्टेरॉइड द्रव्यांसाठी उपयुक्त ठरतील अशा वनस्पतींची तपासणी करीत होते. त्यांनी तयार केलेले वनस्पतींचे अर्क तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे परीक्षणासाठी पाठविण्यात आले. त्यांत कॅम्प्टोथेका ॲक्युमिनाटा या चिनी वृक्षाचा अर्क रक्ताच्या कर्करोगावर प्रयोगशाळेत परिणामकारक असल्याचे आढळले. पुढे वॉल हे उत्तर कॅरोलिना राज्यातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तेथे १९६२ मध्ये त्यांना एक सहकारी लाभले. त्यांचे नाव मनसुख वाणी.

डॉ. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली तत्कालीन पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते पुढील अभ्यासासाठी अमेरिकेत गेले. वॉल आणि वाणी यांनी चिनी वृक्षातील क्रियाशील द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले, त्याच्या रेणूची रचना निश्चित केली आणि १९६६ मध्ये ती प्रसिद्ध केली. या द्रव्याला कॅम्प्टोथेसिन असे नाव देण्यात आले. याच दोघांनी १९७१ साली टॅक्सॉल या दुसऱ्या सुप्रसिद्ध कर्करोगविरोधी द्रव्याचीही रचना प्रसिद्ध केली. डॉ. वाणी २०२० साली निवर्तले. खानदेशातील एका गावात जन्मलेल्या या संशोधकाचे नाव महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना अधिक परिचित असावयास हवे.

हा शोध सह्याद्रीशी जोडला गेला तो मुंबईत. गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात डॉ. टी. आर. गोविंदाचारी यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय वनस्पतींतील रसायनांचा पद्धतशीर अभ्यास चालू होता. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी असे दाखवून दिले, की चिनी वृक्षातील कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य पश्चिम घाटातील मॅपिया फेटिडा, म्हणजेच नरक्या, या वनस्पतीतही आहे. हे दोन वृक्ष एकाच कुलातील नाहीत. तरीही एवढ्या गुंतागुंतीच्या रचनेचे तेच द्रव्य दोघांतही सापडावे, ही मोठी कुतूहलाची गोष्ट होती. नरक्यात त्याचे प्रमाणही लक्षणीय होते. पश्चिम घाटातील एका दुर्लक्षित झुडुपाचे भवितव्य त्या क्षणी पालटले.

औषधाच्या विकासाचा मार्ग मात्र सरळ नव्हता. १९७० च्या दशकाच्या आरंभी या द्रव्याचे पाण्यात विरघळणारे रूप रुग्णांवर वापरून पाहण्यात आले. त्याने मूत्राशयाचा रक्तस्रावी दाह, अतिसार आणि रक्तपेशींची घट असे तीव्र दुष्परिणाम घडविले. त्यामुळे प्रयोग थांबवावे लागले आणि दहाएक वर्षे हे द्रव्य बाजूस पडले. १९८५ मध्ये त्याची पेशीतील क्रिया नेमकी कोठे घडते याचा उलगडा झाला आणि संशोधनास पुन्हा चालना मिळाली. मूळ रेणूत योग्य ते फेरफार करून अधिक सुसह्य अशी दोन औषधे सिद्ध करण्यात आली. त्यांपैकी इरिनोटेकान हे जपानमध्ये १९९४ साली उपयोगात आले. १९९६ साली अमेरिकेत इरिनोटेकान आणि टोपोटेकान या दोन्ही औषधांना मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर इरिनोटेकान आणि बीजांडकोशाच्या कर्करोगावर टोपोटेकान यांचा उपयोग आज जगभर केला जातो. ही दोन्ही औषधे वनस्पतीपासून मिळणाऱ्या कॅम्प्टोथेसिनवर प्रक्रिया करून बनविता येतात.

औषधाची क्रिया

हे औषध कर्करोगाच्या पेशीचा नाश कसा करते, हे समजण्यास शहापूरच्या विणकरास तरी कठीण जाऊ नये. पेशीतील आनुवंशिक माहिती साठविणारा डीएनए हा रेणू म्हणजे एकमेकांभोवती पीळ घातलेले दोन धागेच होत. पेशीचे विभाजन होताना या दोन धाग्यांची उकल करून प्रत्येकाची नक्कल तयार करावी लागते. दुपेडी सुताचे दोन पेड एका टोकाकडून वेगळे करीत गेल्यास पुढच्या भागात पीळ साठत जातो आणि सूत गुंतते, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. पेशीतही नेमके हेच घडते. हा साठलेला पीळ काढून टाकण्यासाठी टोपोआयसोमरेज या नावाचे विकर काम करते. ते दोनपैकी एक धागा तात्पुरता कापते, पीळ सुटू देते आणि कापलेली टोके पुन्हा जोडून टाकते.

कॅम्प्टोथेसिन या कामात नेमक्या जागी अडथळा आणते. विकराने धागा कापल्यानंतर आणि तो पुन्हा जोडण्यापूर्वी हे द्रव्य तेथे रुतून बसते. कापलेला धागा तसाच राहतो. मागून नक्कल करीत येणारी यंत्रणा त्या जागी आदळली की दोन्ही धागे तुटतात आणि ती हानी भरून न निघाल्यास पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी वेगाने विभागत असल्यामुळे त्यांना याचा फटका अधिक बसतो. तथापि अस्थिमज्जेतील आणि आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशीही वेगाने विभागत असतात. त्यामुळे या औषधांचे दुष्परिणाम याच दोन ठिकाणी प्रामुख्याने दिसतात.

एवढ्यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. रुग्णालयात दिले जाणारे औषध शुद्ध केलेले, रचनेत बदल केलेले आणि रुग्णाच्या शरीरमानानुसार मोजून दिलेले असते. रानातून आणलेल्या नरक्याच्या सालीचा किंवा लाकडाचा काढा घेणे म्हणजे हेच तीव्र द्रव्य अज्ञात प्रमाणात पोटात घेणे होय. कर्करोगाने गांजलेल्या कुटुंबांना अशा काढ्यांचे आमिष कोणी दाखविल्यास त्यापासून दूर राहावे आणि वैद्यकीय सल्ल्यानेच उपचार करावेत.

मागणी आणि तोड

नरक्याच्या वाळलेल्या लाकडात कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण हजारात एक भाग याच्या आसपास मानले, तर एक किलो द्रव्य मिळविण्यासाठी सुमारे एक टन वाळलेले लाकूड लागते. ओल्या लाकडाचे वजन याहून बरेच अधिक भरेल. नरक्या हा सागासारखा मोठा वृक्ष नसल्यामुळे एक टन वाळलेले लाकूड म्हणजे पुष्कळ झाडांचा बळी, हे सांगणे नको. पानांत हे द्रव्य कमी असते आणि मुळांत अधिक असते. म्हणूनच तोड करणारे केवळ फांद्या छाटून थांबत नाहीत. ते झाड मुळासकट उपटतात. वास्तविक बुंधा जमिनीत राहू दिला तर नरक्याला पुन्हा धुमारे फुटतात. मूळच उखडले गेल्यावर ती आशाही संपते.

१९९० च्या दशकात औषधांची मागणी वाढली, तशी पश्चिम घाटातील नरक्याच्या लाकडाची मागणीही वाढली. कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या जिल्ह्यांतील घाटमाथ्यांवर, तसेच सीमेपलीकडील कर्नाटकाच्या वनांत तोडीची प्रकरणे उघडकीस येऊ लागली. चंदगड, आजरा, राधानगरी आणि आंबोली ही नावे या संदर्भात वारंवार वृत्तपत्रांत आली. लाकडाचे तुकडे वा भुसा करून पोत्यांत भरलेला माल वनखात्याने अनेकदा जप्त केला. लाकूड तुकड्यांच्या स्वरूपात असले म्हणजे ते कोणत्या झाडाचे हे ओळखणे कठीण जाते, आणि तस्करांना याचाच फायदा मिळतो.

या व्यवहारात सर्वांत कमी लाभ कोणाला होतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. डोंगरावर जाऊन झाड उपटणारा मनुष्य बहुधा वाडीवरचा मजूर असतो. त्याला मिळते ती दिवसाची तुटपुंजी मजुरी. लाकूड पुढे जसजसे हस्तांतरित होते तसतशी त्याची किंमत वाढत जाते आणि शुद्ध द्रव्याच्या रूपात ती अनेक पटींनी मोठी होते. मात्र वनगुन्ह्याची नोंद होते तेव्हा प्रथम नाव येते ते त्या मजुराचेच. खटल्याच्या तारखांना खेपा घालण्यात त्याची जी मजुरी बुडते, ती झाडाच्या मोबदल्याहून अधिक असते. ज्या औषधाने एखाद्या रुग्णाचे आयुष्य वाढते, त्याच औषधाच्या मुळाशी एका गरीब कुटुंबाची अशी परवड असावी, हे समाजाला भूषणावह नाही.

अभ्यासातून मिळालेले धडे

बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठातील आणि इतर संस्थांतील शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातील नरक्याच्या वाढीचा, त्याच्या आनुवंशिक विविधतेचा आणि त्यातील द्रव्याच्या प्रमाणाचा अभ्यास केला आहे. त्यातून असे दिसून आले, की सर्व झाडांत कॅम्प्टोथेसिन सारख्या प्रमाणात नसते. एका ठिकाणच्या झाडात ते दुसऱ्या ठिकाणच्या झाडापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असू शकते. याचा अर्थ असा, की सरसकट तोड ही निर्दय असतेच, शिवाय अडाणीपणाचीही असते. कमी द्रव्य असलेली शेकडो झाडे विनाकारण नष्ट होतात, आणि ज्या उत्तम झाडांपासून लागवडीसाठी बी घ्यावयास हवे तीही त्यांच्यासोबत जातात.

पर्यायांचा शोधही चालू आहे. २००५ मध्ये जम्मू येथील संशोधकांनी नरक्याच्या ऊतींत राहणारी एक बुरशी वेगळी केली. ही बुरशी स्वतंत्रपणे वाढविली असतानाही कॅम्प्टोथेसिन तयार करते असे आढळले. ही बातमी मोठी आशादायक होती. पुढे असे दिसले, की अशा बुरशींतून मिळणारे द्रव्य अत्यल्प असते आणि प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढविल्यावर ते आणखी घटत जाते. पश्चिम घाटातीलच ऑफिओऱ्हायझा या लहान वनस्पतीच्या जातींतही हे द्रव्य आढळले आहे. रासायनिक पद्धतीने ते संपूर्णपणे तयार करण्यात १९७१ सालीच यश आले होते, परंतु पायऱ्यांची संख्या आणि खर्च पाहता वनस्पतीवरील अवलंबन सुटलेले नाही. अशा स्थितीत लागवड हाच अरण्यावरील भार कमी करण्याचा व्यवहार्य मार्ग ठरतो.

लागवड आणि जोपासना

लागवडीसाठी पूर्ण पिकलेली, गर्द जांभळी फळे निवडावीत. एकाच झाडाची सर्व फळे उतरवू नयेत. पक्ष्यांसाठी आणि नैसर्गिक पेरणीसाठी मोठा भाग झाडावरच राहू द्यावा. फळे हाताळताना लहान मुलांना दूर ठेवावे आणि काम झाल्यावर हात स्वच्छ धुवावेत. गर काढून बी पाण्याने धुवावे, सावलीत सुकवावे आणि फार काळ साठवून न ठेवता पेरावे. पेरणीसाठी पालापाचोळ्याचे कुजलेले खत मिसळलेली, पाण्याचा निचरा होणारी माती वापरावी. उगवण होण्यास कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे वाफा रिकामा दिसला तरी लगेच उकरून टाकू नये. रोपांना प्रारंभी सावली आणि ओलावा यांची नितांत आवश्यकता असते. उघड्या, रखरखीत माळावर हे झाड लावून यशाची अपेक्षा करणे व्यर्थ होय. घाटमाथ्यावरील बागायतींच्या कडेला, ओहोळांच्या काठी आणि अवनत झालेल्या वनांत ते योग्य ठरते.

बी घेताना अनेक झाडांपासून थोडे थोडे घ्यावे, म्हणजे रोपांत विविधता टिकून राहते आणि नर व मादी अशा दोन्ही प्रकारची झाडे लागवडीत येतात. खासगी जमिनीवर लागवड केलेल्या झाडांची नोंद आरंभीच ठेवावी. पुढे काढणीच्या आणि वाहतुकीच्या वेळी ते झाड रानातले की लागवडीतले, हा प्रश्न उपस्थित होतो, तेव्हा ही नोंद उपयोगी पडते. काढणी करावयाची झाल्यास बुंधा राखून फांद्या घ्याव्यात.

कायदा आणि ग्रामसभा

नरक्याचा अधिवास एकाहून अधिक राज्यांत पसरलेला आहे. चंदगड आणि खानापूर हे तालुके दोन राज्यांत असले, तरी त्यांचे अरण्य एकमेकांना लागून आहे. महाराष्ट्रात भारतीय वन अधिनियम, १९२७ आणि कर्नाटकात कर्नाटक वन अधिनियम, १९६३ यांच्या तरतुदी लागू होतात. दोन्हीकडे आरक्षित वनांतील तोड आणि परवान्याविना होणारी वनोपजाची वाहतूक हा गुन्हा आहे. घाटातील राधानगरी, कोयना आणि चांदोली येथील वनांना संरक्षण लाभले असून कोयना व चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. खानापूर तालुक्यातील भीमगड अरण्याला २०११ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१२ साली पश्चिम घाटातील निवडक स्थळांचा समावेश जागतिक वारसा स्थळांच्या यादीत झाला.

परंतु केवळ पहाऱ्यावर भिस्त ठेवून एवढे विस्तृत डोंगर राखणे शक्य नाही. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद आहे. आपल्या शिवारात नरक्या कोठे आहे, त्यांपैकी फळणारी झाडे किती, नवी रोपे येत आहेत किंवा नाहीत, या नोंदी गावातील वडीलधारी मंडळी आणि शाळेतील विद्यार्थी मिळून सहज करू शकतात. जैविक साधनसंपत्तीच्या व्यापारी वापरातून होणाऱ्या लाभाचा न्याय्य वाटा स्थानिकांना मिळावा, हे या अधिनियमाचे एक उद्दिष्टच आहे. वनहक्क अधिनियम, २००६ मध्येही हक्कांबरोबर वन आणि जैवविविधता यांच्या रक्षणाचे अधिकार ग्रामसभांना दिले आहेत. ज्या गावाला आपल्या रानातील झाडाचे मोल ठाऊक असते, तेथे अपरिचित वाहनातून आलेल्या व्यापाऱ्याला थारा मिळणे कठीण जाते.

समारोप

नरक्या हे देखणे झाड नाही. त्याची फुले देवाला वाहिली जात नाहीत आणि त्याच्या फळांना बाजारात गिऱ्हाईक नाही. १९७२ पूर्वी एखाद्याने या झुडुपाचा उपयोग काय असे विचारले असते, तर त्याला उत्तर मिळाले नसते. ते उत्तर मिळेपर्यंत झाड टिकून राहिले, हे माणसाचे भाग्य होय. सह्याद्रीच्या ओलसर वनांत आजही अशी अनेक झुडुपे आहेत, की ज्यांच्या उपयोगाचा प्रश्न अद्याप कोणी विचारलेला नाही. त्यांचे उत्तर मिळण्यापूर्वीच ती नाहीशी होणार नाहीत, याची काळजी घेणे हे वनखात्याचे जेवढे, तेवढेच घाटमाथ्यावरील ग्रामस्थांचे आणि त्या घाटाचे पाणी पिणाऱ्या शहरवासीयांचेही कर्तव्य आहे.

शहापूरच्या बाजारात पुढील वैशाखात करवंदांचे द्रोण येतील, तेव्हा ते ज्या रानातून आले त्या रानातील या दुसऱ्या, न विकल्या जाणाऱ्या फळाचेही स्मरण व्हावे. नरक्याची तोड किंवा संशयास्पद वाहतूक आढळल्यास नागरिकांनी नजीकच्या वनक्षेत्रपाल कार्यालयास तत्काळ कळवावे. झाड ओळखावे, त्याचे फळ खाऊ नये, त्याचे मूळ उखडू देऊ नये आणि शक्य तेथे त्याचे बी रुजवावे.